लाकडी गादीवाफा घरी कसा बांधायचा: जागा बघण्यापासून पहिल्या पेरणीपर्यंत

पुण्यात नऱ्हे-आंबेगावच्या बाजूला आमचं रो-हाऊस आहे. मागे वीस फूट बाय चौदा फुटांचं अंगण. ताबा मिळाला तेव्हा वरवर चार इंच लाल माती पसरलेली होती. कुदळ मारली की खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गड्डे, टाइल्सच्या कपच्या आणि त्याखाली कडक मुरूम. मेथी पेरली तर बोटभर उगवून पिवळी पडायची. जोराचा पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी उभं. तो सगळा राडारोडा उपसून नेण्यापेक्षा चांगली माती जमिनीच्या वर उचलून घेतलेली बरी, असं ठरलं. शेतकरी रोपवाटिकेसाठी गादीवाफे करतात, तीच ही पद्धत. कडेने फळ्यांची चौकट आली की पावसात कडा ढासळत नाहीत आणि मुळांना फूटभर मोकळी माती मिळते.

पहिला वाफा मी पॅकिंगच्या पाइनच्या फळ्यांचा केला. दुसरा पावसाळा संपला, दिवाळीच्या आधी साफसफाई करताना एका फळीवर हात टेकवला आणि बोटं आत गेली. बाहेरून फळी धडधाकट दिसत होती. आत वाळवीने वहीच्या पानाएवढा पापुद्रा ठेवून बाकीचं सगळं लाकूड खाल्लं होतं आणि त्या जागी माती भरली होती. दुसरा वाफा बांधला त्याला आता पाच पावसाळे झाले, तो उभा आहे. या दोन वाफ्यांमध्ये जे शिकायला मिळालं ते इथे क्रमाने लिहिते. परदेशातले व्हिडिओ बघून लोक सुरुवात करतात, मीही केली होती. पण तिकडचं सीडारचं लाकूड आपल्याकडे मिळत नाही आणि आपल्याकडची वाळवी त्या व्हिडिओंत नसते. आपला वाफा वाळवी आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस या दोघांना समोर ठेवून बांधावा लागतो.

एक गोष्ट आधीच सांगते. हा लेख जमिनीवरच्या वाफ्याचा आहे. हाच वाफा उचलून गच्चीवर नेऊ नका. फूटभर उंचीची ओली माती दर चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलोपर्यंत जाते. घराची वावरायची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या भाराच्या हिशेबाने धरलेली असते. गच्चीसाठी उथळ वाफे, हलकी माती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला लागतो.

१. आधी ऊन बघा, मग जागा ठरवा

भाजीला दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं. आपण जागा बहुधा एप्रिल-मेमध्ये बघतो आणि तिथेच फसतो. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीला चिकटलेला कोपराही उन्हात न्हालेला दिसतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेच्या बाजूला दहा फुटांची भिंत असेल तर दुपारी बारा-साडेबारालाही तिची सावली उत्तरेकडे नऊ फुटांपर्यंत पडते. आणि पालक, मेथी, कोबी, टोमॅटो हे सगळं हिवाळ्यातच तर घ्यायचं असतं.

माझा पहिला वाफा असाच दक्षिणेच्या भिंतीलगत होता. टोमॅटोची झाडं कमरेइतकी वाढली, फुलं मोजून चार आली. तेव्हा दक्षिणेला जे काही आहे, भिंत, शेजारचं घर, आंब्याचं झाड, त्याच्या उंचीइतकं अंतर सोडून मग वाफा आखा. जागा तेवढी नसेल तर निदान अंगणाच्या उत्तरेकडच्या कडेला सरका. मोठ्या झाडापासूनही लांब राहा, कारण त्याची मुळं तुमच्या खतावर येतात.

नळ जवळ आहे का तेही बघा. उन्हाळ्यात रोज पाणी द्यायचं असतं, बादल्या वाहून वाफा टिकत नाही.

२. माप

रुंदी तीन फूट. दोन्ही बाजूंनी हात घालता येत असेल तर चार फूट चालते असं लिहिलेलं असतं, पण वाफ्याच्या मध्यावरचा लव्हाळा उपटताना चार फुटी वाफ्यावर पाठ भरून येते. वाफा भिंतीला लावायचा असेल तर दोन फुटांच्या वर जाऊ नका. लांबी आठ फूट, कारण त्या लांबीच्या फळ्या सहज मिळतात. उंची बारा इंच: सहा-सहा इंचांच्या दोन फळ्या एकावर एक. दोन वाफ्यांमध्ये दोन फूट वाट ठेवा, घमेलं घेऊन बसता आलं पाहिजे.

यापुढचे सगळे आकडे या आठ बाय तीन फुटांच्या एका वाफ्याचे आहेत.

३. लाकूड निवडणं

घाई करू नये असं सगळ्यात मोठं काम हेच. वाफ्याचं आयुष्य वखारीत ठरतं.

मी साग घेतला. साग म्हटलं की झालं, असं मला वाटत होतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका वखारीत वयस्कर काका होते. मी रंग बघून फळी उचलली तर म्हणाले, ‘ताई, मातीत ठेवणार ना? मग ही नको.’ त्यांनी अंगठा ओला करून फळीच्या कडेवर घासला. ओल लागताच फळीत दोन रंग वेगळे दिसायला लागले: मधला तपकिरी पट्टा आणि कडेचा पिवळट-पांढरा. ‘हा पांढरा आहे ना, वाळवी आधी हा खाणार. मधला गाभा पक्का.’ सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, वाळवी आणि बुरशी त्यांना टाळतात. पांढऱ्या भागात ती नसल्यातच जमा. पैसे कमी पडले म्हणून मी एक फळी इंचभर पांढरी कड असलेली घेतली. आज त्या फळीची पांढरी कड एका टोकाकडून दीड फूट खाल्ली गेली आहे, आणि खाल्लेली जागा जिथे तपकिरी रंग सुरू होतो त्या रेषेवर थांबली आहे.

म्हणून ‘साग’ एवढंच विचारू नका, गाभ्याचा साग विचारा. लागवडीतल्या कोवळ्या सागाच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण त्यांत पांढराच भाग जास्त.

नवा साग परवडत नसेल तर जुना बघा. पाडलेल्या वाड्यांच्या, जुन्या घरांच्या तुळया, वासे, दाराच्या चौकटी विकणाऱ्या वखारी पुण्यात आहेत. ते लाकूड पिकलेलं असतं, वळत नाही, फाटत नाही. दोन काळज्या घ्या. त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात. कापायला देण्याआधी लोहचुंबक फिरवून बघा, नाहीतर करवतीचं पातं जातं. दुसरी काळजी जास्त महत्त्वाची: ऑइलपेंट लावलेलं जुनं लाकूड भाजीच्या वाफ्याला घेऊ नका. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि रंगाचे पापुद्रे थेट मातीत पडतात. घासून काढू म्हणाल तर ती धूळ तुमच्याच नाकात जाते.

बाकीच्या लाकडांबद्दल थोडक्यात. बाभूळ मजबूत, पण सरळ फळी मिळणं अवघड आणि वाळली की स्क्रू जात नाही. कडुनिंब त्यातल्या त्यात बरा. आंबा, निलगिरी, सुबाभूळ मातीला लावू नका. कोकणात राहत असाल तर खरं सांगायचं तर लाकडाच्या फंदात पडू नका. तुमच्या दारात जांभा चिरा मिळतो, तो रचून वाफा करा, तिथल्या पावसात तोच टिकेल.

पॅकिंगच्या फळ्या फुकट मिळतात म्हणून मोह होतोच. वर्षभर वापरायच्या असतील, प्रयोग करून बघायचा असेल, तर घ्या. पण आयात मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का असतो तो वाचा. त्यावर एच-टी ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकडाला उष्णता देऊन कीड मारलेली आहे. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ती घेऊ नका. शिक्का नाही, वर तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत, तीही नको.

पूर्णपणे टाळायच्या वस्तू: प्लायवूड, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ (पहिल्याच पावसात फुगतात, आणि त्यातला डिंक मातीत उतरतो), रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर (क्रिओसोट या डांबरापासून काढलेल्या विषारी तेलात भिजवलेले असतात), आणि कशाने प्रक्रिया केली हे विकणाऱ्याला सांगता येत नाही असं हिरवट झाक असलेलं लाकूड. लाकूड टिकवायला वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या मिश्रणात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं.

आणि अंगणातलंच झाड तोडून फळ्या करू, असा विचार असेल तर थांबा. शहरात स्वतःच्या आवारातलं झाडही महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे, वृक्ष प्राधिकरणासाठी, अर्ज करावा लागतो.

लाकूड घनफुटावर विकतात, तेव्हा हिशेब घरूनच करून जा. दीड इंच जाड, सहा इंच रुंद, आठ फूट लांब एक फळी म्हणजे अर्धा घनफूट. लांब बाजूंच्या चार फळ्यांचे २ घनफूट. आखूड बाजूंच्या तीन-तीन फुटांच्या चार फळ्या पाऊण घनफूट. कोपऱ्यांचे तीन बाय तीन इंचांचे फूटभराचे चार ठोकळे, पाव घनफूट. एकूण ३ घनफूट, कटाईत जाणारं धरून साडेतीन. इंच जाडीची फळी स्वस्त पडते पण आठ फुटांत मातीच्या दाबाने पोट काढते. दीड इंचच घ्या. फळ्या वखारीतच मापात कापून, एका बाजूने रंधून घ्या, आणि पावती घेऊन गाडीत जवळ ठेवा.

४. बाकीचं साहित्य आणि हत्यारं

- तीन इंची स्टेनलेस स्टीलचे स्क्रू ३२, सव्वा इंची ८. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू घेऊ नका, एका पावसाळ्यात गंजून डोकी तुटतात.
- अडीच फूट लांबीचे लोखंडी अँगल २, भोकं पाडून आणि रेडऑक्साइड (गंज रोखणारा रंग) लावून. कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो.
- शहाबादी फरशीच्या चार-पाच इंच रुंद पट्ट्या, २२-२३ फूट भरतील इतक्या. फरशीच्या दुकानात कापकामातून उरलेल्या मिळतात.
- अर्धा इंची वेल्डमेश जाळी, साडेतीन बाय साडेआठ फूट.
- शेततळ्याला अस्तर म्हणून घालतात त्या जाड प्लास्टिक कागदाचा तुकडा, फूटभर रुंद, २२ फूट लांब.
- जवसाचं तेल, एक ते दीड लिटर, आणि ब्रश.
- ड्रिल, काटकोन बघायचा गुण्या, मोजपट्टी, दोरी, पारदर्शक नळी, कुदळ, पहार, घमेलं, हातमोजे.

ड्रिल नसेल तर अर्ध्या दिवसाचा सुतार बोलवा. जोडणीचं काम त्याला तीन तासांचं आहे.

५. फळ्यांना तेल

तेल जोडणीच्या आधी लावायचं, कारण नंतर सांध्यांत ब्रश जात नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायचं, तेव्हा लाकूड कोरडं असतं आणि तेल आत मुरतं.

रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते बहुधा उकळलेलं जवसाचं तेल असतं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. भाजीच्या वाफ्याला मी ते लावत नाही. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल वापरते. ते वाळायला आठवडा घेतं, घेऊ द्या. पातळ हात मारा, तासाभराने वर राहिलेलं पुसून घ्या, वाळल्यावर दुसरा हात. फळीची कापलेली तोंडं सगळ्यात जास्त पाणी पितात, म्हणून त्यांना तेल पुन्हा पुन्हा लावा, ती पिणं थांबवेपर्यंत.

इथे एक खरा धोका आहे. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम झालं की चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा उन्हात एकेक पसरून कडक वाळवा आणि मगच टाका.

गाडीचं जळकं ऑइल किंवा डांबर लावा, असं तुम्हाला हमखास कोणीतरी सांगेल. कुंपणाच्या खांबाला लावतात ते ठीक. भाजीच्या मातीला ते लागू देऊ नका, जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले जड धातू आणि घातक संयुगं असतात.

६. तळ

वाफ्याची जागा दोरीने आखा. वरचं गवत काढा. हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढा; वर पुठ्ठा टाकला की तण मरतं हे हरळीला थोडंफार लागू पडतं, लव्हाळा पुठ्ठा भोसकून वर येतो. मग पहारीने आणि कुदळीने चार-सहा इंच जमीन भुसभुशीत करा. हे चुकवू नका. खाली मुरूम तसाच कडक ठेवला तर वाफ्यातलं जादा पाणी त्यावर साठतं आणि मुळं कुजतात.

आता चौकट जिथे बसणार त्या रेषेवर शहाबादी पट्ट्या बसवा. दोन पट्ट्यांमध्ये अर्धा इंच फट सोडा, पाणी तिथून निघून जातं. लाकूड जमिनीला न टेकता या फरशीवर बसतं, हा सगळ्या बांधणीतला माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग. खालची फळी ओल्या मातीतून उचलली जाते. शिवाय वाळवीला जमिनीतून फळीवर यायचं तर फरशीच्या कडेवरून मातीची नळी बांधत यावं लागतं आणि बाहेरच्या बाजूने येणारी नळी तुम्हाला दिसते. फळी थेट मातीत असली तर वाळवी कधी शिरली ते कळतच नाही, माझ्या पहिल्या वाफ्यात तेच झालं.

पट्ट्या एका पातळीत आल्या का ते पारदर्शक नळीत पाणी भरून बघा, गवंडी बघतात तसं. एक टोक इंचभर जरी खाली राहिलं तरी सगळं पाणी तिकडेच धावतं.

मग मोकळ्या केलेल्या जमिनीवर जाळी अंथरून तिच्या कडा पट्ट्यांवर घ्या, म्हणजे चौकटीखाली दबतील. ही जाळी घुशींसाठी. आमच्या भागात घुशी आहेत. एका रात्रीत रताळ्याचे वेल खालून पोकळ केलेले मी पाहिले आहेत.

७. चौकट जोडणं

सपाट जागी, ओट्यावर किंवा पार्किंगमध्ये जोडा, मग दोघांनी उचलून जागेवर ठेवा.

आखूड फळ्या लांब फळ्यांच्या आत बसतात. कोपऱ्यातले ठोकळे अर्धा इंच कापून आखूड करा आणि चौकटीच्या आतून, फळ्यांच्या वरच्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली लावा, नाहीतर त्यांच्या डोक्यावर पाणी साठतं. आधी तीन फुटी दोन फळ्या दोन ठोकळ्यांवर जोडून एक बाजू पूर्ण करा. तशीच दुसरी. मग या दोन बाजू उभ्या करून लांब फळ्या मारा. प्रत्येक फळीला प्रत्येक टोकाशी दोन स्क्रू.

आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारू नका, टोकाशी फळी चिरते. एक चूक जवळपास सगळे करतात: ठोकळ्याच्या दोन बाजूंनी एकाच उंचीवर स्क्रू मारतात आणि ते आत एकमेकांना धडकतात. लांब बाजूचे स्क्रू आखूड बाजूच्या स्क्रूंपेक्षा इंचभर वर किंवा खाली घ्या. स्क्रू जड जात असेल तर साबणाच्या वडीवर घासा.

वरच्या आणि खालच्या फळीत एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट राहू द्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते.

सगळे स्क्रू आवळण्याआधी काटकोन तपासा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्या. दोन्ही सारखी, ८ फूट साडेसात इंचांच्या आसपास, आली पाहिजेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकाला हाताने ढकला, पुन्हा मापा, मग आवळा.

चौकट फरशीवर ठेवली की लांब बाजूंच्या बरोबर मध्यावर, बाहेरून, अँगल ठोका: दीड फूट जमिनीत, एक फूट वर. मुरुमात तो सरळ जात नाही, आधी पहारीने भोक करा. मग वरच्या-खालच्या फळीला सव्वा इंची स्क्रूने जोडा. अँगल नसला तर पहिल्या जोरदार पावसात माती फुगून फळी मध्यावर बाहेर येते. एकदा आली की माती काढल्याशिवाय ती परत बसत नाही.

८. आतलं अस्तर

शेततळ्याचा कागद फक्त आतल्या चार बाजूंना लावायचा. वरच्या कडेपासून इंचभर खाली, तिथेच बारीक खिळ्यांनी अडकवा. खाली तो नुसता लोंबू द्या, फरशीपर्यंत. तळाला अजिबात घालू नका. तळ बंद केला की वाफ्याची टाकी होते.

९. भरणी

आतली जागा साधारण २३ घनफूट, म्हणजे साडेसहाशे लिटर भरते. माती ब्रासमध्ये विकतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका वाफ्यासाठी गाडी मागवू नका, शेजारच्या दोघा-तिघांना गाठा.

माझं प्रमाण: चार भाग माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत (त्यात थोडं गांडूळखत), दोन भाग कुजलेल्या पानांचं खत, एक भाग भाताचं तूस. वर दोन किलो निंबोळी पेंड. माती पोयट्याची किंवा लाल घ्या. ओल्या मातीची तळहातांमध्ये वळी करून ती बांगडीसारखी वाकवा. न तुटता वाकली तर माती फार चिकण आहे, तुसाचं प्रमाण दुप्पट करा. निव्वळ काळी माती भरू नका, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं.

खालच्या थरात ओंडके आणि फांद्या पुरायची एक पद्धत हल्ली लोकप्रिय आहे, माती कमी लागते म्हणून. आपल्याकडे मी ती सुचवणार नाही. ज्या वाळवीला चौकटीपासून लांब ठेवायला फरशी घातली, तिलाच मध्यभागी जेवण वाढल्यासारखं होतं. माती वाचवायची असेल तर तळाला चार इंच अर्धवट कुजलेला पालापाचोळा घाला.

शेणखताबद्दल मी फसले होते. ट्रॅक्टरभरून आलेलं खत वरून काळं आणि कोरडं दिसत होतं. महिन्याभरात मिरचीची रोपं एकेक करून माना टाकायला लागली. उपटून बघितलं तर मुळंच नाहीत, आणि खाली बोटाच्या पेराएवढी, पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. हुमणी. ती न कुजलेल्या शेणखतातून आली होती. म्हणून आता खत घेताना ढिगाच्या मधोमध हात घालते. आत गरम लागलं तर खत कच्चं आहे. कुजलेलं खत गार असतं, मुठीत भुगा होतो, आणि त्याला शेणाचा वास न येता पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. तरीही आणल्यावर ते ताडपत्रीवर दोन इंचांच्या थरात पसरून दोन-तीन दिवस ऊन देते. अळ्या असतील तर साळुंक्या अर्ध्या तासात हजर होतात आणि वेचून खातात. त्या आल्या की समजावं, खत पसरलं ते बरं केलं.

वाफा काठोकाठ भरा, पाणी द्या, आठवड्याने पुन्हा भरा. हे काम एप्रिलच्या शेवटाला झालं की जूनपर्यंत माती बसते. पहिल्या पावसाळ्यात ती दोन-तीन इंच आणखी खाली जाईल.

१०. पहिली पेरणी

मृग लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की भेंडी, गवार, मिरची, वांगी. वेल, म्हणजे दोडका, कारली, नेहमी वाफ्याच्या उत्तरेच्या टोकाला, म्हणजे हिवाळ्यात मांडवाची सावली दुसऱ्या भाजीवर पडत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर हे ऑक्टोबरपासून. पहिल्या वर्षी पाच-सहा भाज्यांच्या वर जाऊ नका.

उंच वाफा जमिनीपेक्षा लवकर वाळतो. मार्चपासून मातीवर दोन इंच उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला पसरा आणि शक्य असेल तर ठिबकच्या नळीचे दोन पट्टे टाका. पाणी लागतंय का हे वरून बघून ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, तिथे ओल असेल तर आज थांबा. पावसाळ्यात हेच पाचट पातळ करा, त्याखाली गोगलगाई घर करतात.

११. दरवर्षी दोनदा

पाऊस उघडला की, दसऱ्याच्या सुमाराला, वाफ्याभोवती बसून फरशीच्या पट्ट्यांची बाहेरची कड चारी बाजूंनी बघा. वाळवीची नळी पेन्सिलीएवढी जाड, मातीच्याच रंगाची असते. जुन्या सुरीने खरवडून काढा, चार दिवसांनी पुन्हा बघा. परत बांधली असेल तर त्या जागेची बाहेरची माती वीतभर खणून मोकळी करा, उन्हात उघडी ठेवा, आणि फरशीला टेकलेला पालापाचोळा, वीट, कुंडी, जे असेल ते हलवा. याच वेळी खाली बसलेल्या मातीवर शेणखताचा दोन इंचांचा थर द्या.

फेब्रुवारीत बाहेरच्या बाजूला आणि वरच्या कडेला तेलाचा एक हात. मला त्याला सकाळचा पाऊण तास लागतो, आणि स्क्रू ढिले झालेत का तेही तेव्हाच बघून होतं.